भाल्याची सोडवण

सोमवार

आज भाला घरी आला. नवरा आला नाही. खिंडीत माणूस पडला की तो तिथेच राहतो आणि शस्त्र तेवढे परत येते, हे मला ठाऊक होते. तरी दार उघडल्यावर मी दिराच्या मागे आणखी कोणी आहे का ते वाकून पाहिले.

दीर म्हणजे भाऊजी, खिंडीवरच्या पथकाचा प्रमुख. तान्हे मूल आणावे तसा त्याने भाला घोंगडीत गुंडाळून आणला होता. "वहिनी, कुठे ठेवू?" म्हणाला. मी म्हटले, "चुलीत घाला." तो हसला नाही. मीही हसण्यासाठी म्हटले नव्हते.

माझे घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे दोर वळायची शेड. भाला उभा केला तर वाशाला लागतो, आडवा टाकला तर दार लागत नाही. शेवटी स्वयंपाकघरात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपा लावला. आता फळीवरचे मीठ घ्यायचे तर वाकून त्याच्या खालून जावे लागते. लग्न झाल्यापासून या भाल्यापुढे मी नमतेच घेत आले, आता कंबरही वाकवायची. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिला सगळे टाचणी म्हणतात. अंगाने तशी आणि जिभेनेही तशीच. रडली नाही. "आता हा माझा ना?" एवढेच विचारले. बाप जाऊन अजून महिना झालेला नाही. मी तिच्या थोबाडीत दिली. मग दोघीही जेवलो नाही.

मंगळवार

शस्त्रघरची थोरली येऊन गेली. म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्या एकुलत्या एक धड स्टुलावर बसली.

खिंडीपलीकडून जे येतात त्यांच्यावर साधे लोखंड चालत नाही. त्यांना मारायला जागे शस्त्रच हवे, आणि जागे शस्त्र एका वेळी एकाच हाताचे असते. इथपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. धनी मेल्यावर त्या शस्त्राचे काय करतात, ते मात्र मी कधी विचारले नव्हते. ते विचारायची वेळ यावी अशी माझी इच्छा नव्हती.

"हे बघ बाई," थोरली म्हणाली, "माणूस मेलाय हे शस्त्राला कळत नाही. त्याला वाटतं, धनी बाहेर गेलाय, येईल. म्हणून दुसऱ्या कुणी धरलं की ते उलटतं, धरणाऱ्याच्याच पोटात शिरतं. तेव्हा त्याची सोडवण करायची. रोज समोर बसायचं आणि धन्याचं वाईट बोलायचं. तो वाट बघायच्या लायकीचा नव्हता, हे त्याला पटलं पाहिजे. आणि जे बोलशील ते खरं बोल. खोटं त्याला लगेच कळतं."

"मीच का?"

"त्याचं एवढं वाईट दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

थोरली काठीवर भार देऊन उठली.

"थंड डोक्यानं बोल. राग आला की उठून बाहेर जा. रागात माणूस गुंततो, आणि शस्त्र त्या गुंत्यालाच धरतं. आणि सुटेपर्यंत हात लावू नकोस."

मी मान डोलावली. थोरलीने लग्न केलेले नाही. थंड डोके तिला परवडते.

भाला घराण्याबाहेर जात नाही, भाऊजीचे शस्त्र वेगळे आहे, आणि या घरात आता टाचणीच उरली आहे. बर्फ वितळून खिंड उघडली की तिने भाला घ्यायचा, हे भाऊजीने ठरवून टाकले आहे. तोवर सोडवण झाली नाही तर तो पहिल्याच दिवशी तिच्या पोटात जाईल. झाली तर ती बापासारखी खिंडीत जाईल. आगीतून फुफाट्यात. पण फुफाट्यात माणूस निदान काही दिवस तग धरतो. म्हणून मी बोलणार. माझ्या पोरीसाठी बोलणार, बाकी कुणासाठी नाही.

बुधवार

सुरुवात केली. भाल्यासमोर पाट टाकून बसले. नवऱ्याला उभ्या जन्मात मी 'अहो' म्हटले. आज पहिल्यांदा 'अरे' म्हटले. जीभ अडखळली, मग सुटली.

म्हटले, अरे, तू घोरायचास. ओले बूट चुलीशी ठेवायचास. अंघोळीचे पाणी मी तापवायचे आणि तू त्याने आधी याचे पाते शेकायचास. घरी यायचास तो हिवाळ्यापुरता, कारण खिंड बंद असायची. आणि आलास तरी संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर या काठीशी गुजगोष्टी करत बसायचास. लोकांना सवत असते ती बाई तरी असते. मला मिळाली तीही लोखंडाची.

भाला धाडकन खाली आला आणि दुधाचे पातेले उपडे झाले. नीट लावलेला होता, आपसूक पडणे शक्य नाही. टोकही बरोबर माझ्याकडे. मी झाडू घेतला आणि चार तडाखे दिले. जाग्या शस्त्राला झाडूने मारणारी मी पहिलीच असेन. मग तो परत जागेवर लावला. चिमट्याने धरून, हाताने नाही.

शनिवार

मेल्याने सूड घेतला. सकाळी शेडमध्ये गेले तर अख्खा दोर, पुलासाठी वळायला घेतलेला, तीन पदरी, मधोमध चिरलेला. भाला स्वयंपाकघरात निमूट उभा. पात्याला वाखाची कुसळे चिकटलेली.

तळपायाची आग मस्तकाला गेली. थोरली म्हणाली होती की राग आला तर बाहेर जा. माझे घर, माझा दोर, मी का बाहेर जाऊ? बसलेच समोर. आणि जे कधी कुणाला सांगितले नव्हते ते ओरडून सांगितले. टाचणी झाली तेव्हा तू खिंडीत होतास. पुढच्या हिवाळ्यात दारात आलास तोवर पोर रांगायला लागली होती. ती तुझ्या पायाशी आली आणि तू म्हणालास, थांब, आधी याला तेल लावतो. तेल लावेपर्यंत ती पायाशी बसून राहिली. मी चुलीशी उभी राहून बघत होते. मला वाटले होते की निदान मला तरी विचारशील, कशी आहेस.

बोलून थांबले तर गाल ओले होते. धुराने. भाला हलला नाही. इतका गप्प तो पहिल्यांदाच. मी जेवणाची वेळ होईपर्यंत त्याच्यासमोरच बसून होते. त्याला वाटायला नको की मी हरले.

रविवार

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहायला उरतच नाही, बोलण्यातच सगळे संपते. शेडमधून आले की हात धुते आणि बसते. एकदा सुरू झाले की चऱ्हाट संपत नाही. टाचणी जेवायला वाढून घेते आणि ताट घेऊन शेडमध्ये जाते. स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही.

आज त्याच्या भित्रेपणाबद्दल बोलले. खिंडीत पलीकडच्यांसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, घरात उंदीर निघाला की स्टुलावर चढायचा! आणि वरून मला सांगायचा, "तू मार, तुझा नेम चांगला आहे." एकदा उंदीर स्टुलाच्याच पायावरून वर चढला तेव्हा त्याने जी उडी मारली, ती थेट माझ्या अंगावर. दोघे पिठाच्या डब्यात पडलो. पांढरे भूत झाला होता. मिशीतून पीठ गळत होते.

हे सांगताना मला हसू आले. रागाचे हसू होते ते. भाल्यातून बारीक गुणगुण आल्यासारखी वाटली, पण बाहेर वारा होता.

एक सांगायचे राहिले. भाल्याने जागा बदलली आहे. आता तो भिंतीलगत सरकून उभा राहतो, आणि मीठ घेताना मला वाकावे लागत नाही. जरब बसली म्हणायची. बोलून बोलून नरम केला.

मंगळवार

पात्यावर गंज दिसला. माझ्या घरात मी घाण ठेवत नाही, मग ती वैऱ्याची का असेना. फडक्याने पुसले, तेलाचे बोट फिरवले. हात लावू नकोस म्हणाली होती थोरली, पण मध्ये फडके होते. दांड्यावर एका जागी लाकूड झिजून खळगा पडला आहे, त्याच्या अंगठ्याचा. माझा अंगठा तिथे बरोबर बसतो. माझी बोटे बायकांच्या मानाने जाड आहेत, जन्मभर दोर वळला की होतात.

पुसून झाल्यावर म्हटले, "लाडात यायचं काम नाही."

गुरुवार

बाजारात वाख आणायला गेले. अर्ध्या वाटेवरच उजवा तळहात भाजल्यासारखा पेटला. गठ्ठा उचलवेना. दुकानदार म्हणाला, "मावशी, थंडीनं होतं, मेण लावा." घरी येऊन पाटावर बसले तर दोन घोट पाणी पिईपर्यंत हात बरा. घरच्या उबेने असेल. आता बाजार टाचणीने करावा. माझ्या हाताला थंडी सोसत नाही.

शुक्रवार

टाचणी अंगणात बांबू घेऊन भोसकायचा सराव करते. भाऊजी शिकवतो. आज मी त्याला आत बोलावून सरळ म्हटले, "दुसरं कुणीतरी न्या. ती माझी एकच आहे."

"वहिनी, भाला घराण्याबाहेर जात नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"मग भाला इथेच राहू दे. गंजू दे."

"आणि खिंड? मागच्या वेळी आमची रांग अपुरी पडली. जिथे रांग तुटली तिथे दादा एकटा उभा होता." त्याने डावा हात पुढे केला. त्या हाताला तीनच बोटे आहेत. "तुम्ही इथे दोर वळता, टाचणी इथे झोपते, ते कुणीतरी तिथे उभं असतं म्हणून. मला काय हौस आहे पोरीला न्यायची?"

मी म्हटले, "उचलली जीभ लावली टाळ्याला." तो टोपी उचलून गेला. तो खरे बोलत होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

तो गेल्यावर टाचणी आली. दार ढकलूनच आली.

"माझ्यामागे माझं ठरवायचं नाही. मी स्वतःहून चाललेय."

"तुला काय कळतं?"

"बाबा कळतात मला. तू रोज त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलतेस, भिंतीतून सगळं ऐकू येतं. मला नको वाटतं घरात राहायला. तुझं त्यांच्यावर कधी प्रेमच नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटले.

स्वयंपाकघरात भाला असा काही खणखणला की फळीवरची भांडी खाली आली. धावत गेले तर जागेवरच उभा, थरथरत. याला मध्ये तोंड घालायची खोडच आहे. एवढे दिवस बोलले ते पालथ्या घड्यावर पाणी की काय, अशी भीती वाटली. खिंड उघडायला आता फार दिवस नाहीत. पागोळ्या गळायला लागल्या आहेत.

बुधवार

आज शस्त्रघराच्या अंगणात भाला सोपवायचा होता. जे झाले ते जसेच्या तसे लिहिते, उद्या कुणी दुसरेच सांगायला नको.

भाला मधल्या चौथऱ्यावर ठेवला. थोरलीने माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारली. सुटलेला नसेल तर भाला धन्याच्या नावाने उभा राहतो. तीन हाका झाल्या. भाला ढिम्म. थोरली म्हणाली, "सुटला." भाऊजीने डोळे पुसले. मलाही बरे वाटायला हवे होते. मला वाटले, मेल्या, एवढ्यात विसरलास त्याला?

टाचणी पुढे झाली. तिने भाल्याला हात घातला. उलटला नाही, पण उचललाही जाईना. तिने दोन्ही हात लावले, पाय रोवले. भाऊजी मदतीला गेला. मग पथकातले दोन रेड्यासारखे गडी गेले. चौथरा हलला, भाला हलला नाही. पोरीचा चेहरा लालबुंद, लोक बघताहेत, कुणीतरी फिदीफिदी हसले. माझ्या पोरीला हसतात म्हणजे काय? माझे डोके फिरले. मी ओरडले, "काळतोंड्या, माझ्या लेकीचा अपमान करतोस? ऊठ!"

तो उठला. लोकांच्या डोक्यावरून सरळ आला आणि माझ्या उजव्या हातात बसला. अंगठा खळग्यात.

थोरलीने कपाळावर हात मारला. "थंड डोक्यानं बोल म्हटलं होतं, बाई."

"मी याला रोज शिव्या दिल्या," मी म्हटले. "झाडूनं मारलं. विचारा हवं तर."

"कळलं," थोरली म्हणाली. "रोज."

टाचणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू मुद्दाम केलंस. बाबांचं एकच काहीतरी मला मिळणार होतं, ते पण घेतलंस." आणि थुंकली. माझ्यावर नाही, जमिनीवर. पण माझ्या पायाजवळ.

मी मुद्दाम केलेले नाही. मला हा भाला जन्मात नको होता.

शुक्रवार

थोरलीने तोड काढली: टाचणीने भाल्यासमोर बसायचे आणि माझे वाईट बोलायचे. नवी गाठ आहे, लवकर सुटेल म्हणाली. जो भाला घेणार त्याने सोडवण करू नये असा नियम आहे, पण दुसरे कोणी उरलेले नाही. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मला शेडमध्ये पाठवले. मी दोर वळायच्या चाकापाशी बसले आणि भिंतीला कान लावला. पोरगी हुशार आहे. एकदाही आवाज चढवला नाही. म्हणाली, आईच्या अंगाला वाखाचा वास येतो. आई जेवताना बोलू देत नाही. मी पडले तर आधी ओरडते, मग औषध लावते. बाबा यायचे त्या दिवशी आई सकाळपासून भांडायची आणि ते जायचे त्या दिवशी तर बोलायचीच नाही. तिला कुणीही आवडत नाही.

सगळे खरे होते. थंडगार, खरे. आणि माझा तळहात गार पडत चालला. कित्येक दिवसांनी गार पडला. मला कळले की तो सुटतो आहे. म्हणजे संध्याकाळपर्यंत तो तिचा. म्हणजे पुढच्या आठवड्यात ती त्या रांगेत, जिथे रांग तुटते तिथे.

मी दार उघडून आत गेले आणि भाला हातात घेतला. फडके मध्ये न घेता, मुठीत. म्हटले, "चल रे. पुरे झालं ऐकणं." हात पुन्हा पेटला.

"आई, तो सुटत होता!" टाचणी किंचाळली. "मला दिसत होतं!"

"मलाही."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. न बोलू दे. माझी पोर खिंडीत उभी राहिलेली मला चालणार नाही. त्यापेक्षा तिने घरात बसून जन्मभर माझ्या नावाने बोटे मोडावीत.

भाऊजी आला. "वहिनी, तुमचं वय काय, तिथली थंडी काय—" मी दोराचे एक टोक त्याच्या हातात दिले आणि एकच हिसका दिला. तो वाखाच्या ढिगात जाऊन पडला. उठून कपडे झटकले आणि म्हणाला, "सोमवारी निघायचं." तीन बोटांच्या हाताने त्याने मला सलाम केला. मी बघितले नाही असे दाखवले.

सोमवार

भाऊजी बाहेर उभा आहे. दोन ओळी लिहून निघते.

सकाळी टाचणीला शेडचे सगळे समजावले. पुलाचा दोर कसा पुरा करायचा, वाख कुठे भिजवायचा. ती पाठ करून उभी. ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. शेवटी म्हटले, "आणि हे नीट ऐक. मी पडले की हा घरी येईल. तेव्हा तूच याच्यासमोर बसायचंस. परवासारखं, थंड डोक्यानं. माझं वाईट तुला तोंडपाठ आहे, अख्खा हिवाळा पुरेल."

"नाही बसणार."

"मग तो मलाच धरून राहील. तुझा होणार नाही."

"नको होऊ दे."

"अगं, तुझ्याच भल्याचं सांगतेय. दोन शब्द—"

"एक शब्द बोलणार नाही मी!" वळली तेव्हा नाक लाल झालेले होते, रागाने. "एक पण नाही! कळलं तुला?" आणि दार आपटून शेडमध्ये गेली. आता आतून चाकाचा आवाज येतो आहे, मध्येच थांबतो, मध्येच उलटा फिरतो. सगळा पीळ बिघडवून ठेवणार.

ज्या भाल्यासाठी माझ्या पायाशी थुंकली, तोच आता नको म्हणते. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. मेल्यावरसुद्धा आईबद्दल चार शब्द बोलायची तयारी नाही, एवढा राग! कोणावर गेली आहे, देव जाणे.